लाल, हिरवा, निळा: एलईडीची प्रखरता मोजताना आकडा एक आणि डोळा दुसरंच का सांगतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्याकडे ५ मिलिमीटरचे तीन एलईडी आहेत, लाल, हिरवा आणि निळा, आणि तिन्ही २० मिलिअँपिअरवर चालताहेत. समोर १० सेंटीमीटरवर बीपीडब्ल्यू ३४ हा साधा फोटोडायोड, म्हणजे प्रकाश पडला की त्या प्रमाणात प्रवाह देणारा सेन्सर. लालला ४.१ मायक्रोअँपिअर, हिरव्याला २.४ आणि निळ्याला २.२ असं रीडिंग आलं, म्हणजे फोटोडायोडच्या मते लाल सगळ्यात प्रखर. उत्पादकाचं माहितीपत्रक, म्हणजे डेटाशीटही लालचीच बाजू घेते: लाल ८,००० मिलिकँडेला (प्रखरतेचं एकक), हिरवा ६,०००, निळा १,०००. डोळ्यांना मात्र हिरवा सगळ्यात उजळ दिसतो. आणि हे तिन्ही एका पॅनेलवर सारखेच उजळ दिसायला हवेत. तर यातलं खरं कोणतं?

तुमच्या मोजमापात एक छोटीशी चूक आहे, तिच्याकडे नंतर येतो. मूळ अडचण वेगळीच आहे. ‘उजळ’ हा एकच शब्द आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो: एलईडीतून किती प्रकाश-ऊर्जा बाहेर पडते, त्यातली सरासरी माणसाच्या डोळ्याला किती जाणवते, आणि तुमच्या पॅनेलसमोर बसलेल्या माणसाला प्रत्यक्षात काय दिसतं. फोटोडायोड पहिली गोष्ट सांगतो, तीही स्वतःच्या चष्म्यातून. डेटाशीट दुसरी सांगते. तुम्हाला हवी आहे तिसरी. रंग एकच असेल तर तिन्ही एकत्रच वाढतात-घटतात, म्हणून दोन लाल एलईडींची तुलना कोणत्याही सेन्सरने खुशाल करा. रंग बदलला की ही सोय संपते.

आधी फोटोडायोडचं बघू. साध्या सिलिकॉन फोटोडायोडची संवेदनशीलता निळ्याकडून लालकडे वाढत जाते आणि ९०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त भागात शिखर गाठते. ढोबळ आकडे धरायचे तर १ वॉट प्रकाशामागे निळ्याला ०.२ अँपिअर, हिरव्याला ०.३ आणि लालला ०.४. नेमका आकडा तुमच्या डायोडच्या आलेखावरून घ्या. म्हणजे निळा आणि लाल प्रकाश सारख्याच वॉटचा असला तरी लालचं रीडिंग दुप्पट येणार. यात डायोडचा दोष नाही, सिलिकॉनचा स्वभावच तसा आहे.

डोळ्याचा स्वभाव याहून फार वेगळा. सीआयई, म्हणजे प्रकाशाच्या मोजमापाचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय आयोग, याने १९२४ साली ‘प्रमाण निरीक्षका’चा एक वक्र मान्य केला. त्याला आपण व्ही-लॅम्डा म्हणतो. अनेक माणसांच्या डोळ्यांवरच्या मोजमापांची ती सरासरी आहे. त्याचं शिखर ५५५ नॅनोमीटरला, पोपटी हिरव्यात येतं आणि तिथे १ वॉट प्रकाश म्हणजे ६८३ ल्युमेन. ल्युमेन हे डोळ्याला जाणवणाऱ्या प्रकाशाचं एकक. तिथून दोन्ही बाजूंना वक्र झपाट्याने उतरतो. ५२५ नॅनोमीटरच्या हिरव्याला त्याची किंमत ०.७९, ६२५ च्या लालला ०.३२ आणि ४७० च्या निळ्याला फक्त ०.०९. याचा अर्थ एका वॉटमागे हिरव्यात साधारण ५४२ ल्युमेन, लालमध्ये २१९ आणि निळ्यात ६२. तेवढ्याच ऊर्जेचा हिरवा निळ्याच्या जवळजवळ नऊपट ल्युमेन देतो.

आता तुमचेच आकडे चालवून बघू. डायोडचा प्रवाह भागिले त्या रंगाची संवेदनशीलता म्हणजे डायोडवर पडलेले वॉट. त्याला त्या रंगाच्या ल्युमेन-प्रति-वॉटने गुणलं की डायोडवर पडलेले ल्युमेन. बीपीडब्ल्यू ३४ चं क्षेत्रफळ ७.५ चौरस मिलिमीटर आहे, १० सेंटीमीटरवरून त्याचा घनकोन, म्हणजे एलईडीच्या जागेवरून दिसणारा त्याचा विस्तार, ०.०००७५ स्टेरेडियन होतो. ल्युमेनला त्याने भागलं की कँडेला हातात येतात. हिरव्याचं बघा: २.४ भागिले ०.३ म्हणजे ८ मायक्रोवॉट, गुणिले ५४२, भागिले ०.०००७५, म्हणजे साधारण ५.८ कँडेला. डेटाशीट म्हणते ६. निळा याच रीतीने ०.९ कँडेला येतो, डेटाशीट म्हणते १. एवढ्या साध्या साधनांनी एवढं जुळणं खरोखर चांगलं आहे. तुमच्या हाताला मोजणीची शिस्त आहे, हे यावरून दिसतं.

लाल मात्र येतो ३ कँडेला, आणि डेटाशीट म्हणते ८. ती चूक इथे आहे.

तुम्ही लिहिलं आहे की हिरव्या आणि निळ्याच्या झोताचा कोन ३० अंश आहे आणि लालचा १५ अंश. मिलिकँडेला म्हणजे एका दिशेतली प्रखरता. पाण्याच्या नळीच्या तोंडावर बोट ठेवून धार बारीक केली म्हणून पाणी वाढत नाही, एका जागी जोरात पडतं एवढंच. १५ अंशांच्या शंकूचा घनकोन ०.०५४ स्टेरेडियन आणि ३० अंशांच्या शंकूचा ०.२१४, म्हणजे चौपट. तेवढेच ल्युमेन अरुंद शंकूत कोंबले की मिलिकँडेला चौपट दिसतात. म्हणून निरनिराळ्या कोनांच्या एलईडींचे मिलिकँडेला शेजारी-शेजारी ठेवून काही निष्कर्ष काढू नका. तुमचा लाल ८,००० चा आणि हिरवा ६,००० चा असला, तरी एकूण प्रकाश हिरव्याचाच बराच जास्त आहे.

अरुंद शंकूचा दुसरा त्रास असा की तो जरा तिरपा झाला तरी रीडिंग कोसळतं. ‘१५ अंश’ याचा अर्थ मधल्या रेषेपासून साडेसात अंशांवर प्रखरता निम्मी होते. तुमचा लाल बहुधा आठ-नऊ अंश कलला होता. कधी पाय वाकलेले असतात, तर कधी एलईडीच्या आत चिपच मध्यावर बसलेली नसते आणि झोत बाहेरून सरळ दिसणाऱ्या रेषेतून निघत नाही. एलईडी हळूहळू फिरवून, कलवून सगळ्यात मोठं रीडिंग शोधा, ८ च्या जवळपास पोचाल असं मला वाटतं. सीआयईच्या एलईडी मोजणीच्या शिफारशीत अंतरही ठरवून दिलं आहे: एलईडीच्या टोकापासून ३१६ किंवा १०० मिलिमीटर, आणि समोर १ चौरस सेंटीमीटरचा डिटेक्टर. भिंगवाल्या एलईडीला जवळून अंतराच्या वर्गाचा नियम (अंतर दुप्पट, तर प्रकाश एक चतुर्थांश) नीट लागू होत नाही, कारण प्रकाश नेमका कुठून निघतो असं धरायचं तेच पक्कं नसतं. त्यामुळे एका अंतरावर मोजून दुसऱ्या अंतरासाठी हिशोब करण्याच्या भानगडीत पडू नका. तिन्ही रंग एकाच अंतरावर मोजा आणि ते अंतर वहीत लिहून ठेवा.

तुम्ही विचारलं आहे की सरळ लक्समीटर, म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड डोळ्याच्या हिशोबाने मोजणारं उपकरण, घेतला तर हा गुणाकार वाचेल का. वाचेल, पण निळ्याच्या बाबतीत सावध राहा. लक्समीटरमध्ये सिलिकॉनपुढे एक फिल्टर असतो आणि तो व्ही-लॅम्डाची नक्कल करतो. मीटरचं कॅलिब्रेशन सहसा २,८५६ केल्विनच्या टंगस्टन प्रकाशाखाली केलेलं असतं. टंगस्टनमध्ये सगळे रंग असतात, त्यामुळे फिल्टर कुठे थोडा कमी, कुठे थोडा जास्त असला तरी बेरीज जुळते. एलईडीचा प्रकाश अरुंद पट्ट्यात असतो. त्या पट्ट्यात फिल्टर चुकला तर ती चूक भरून काढायला दुसरं कोणी नसतं. निळ्यात आणि गडद लालमध्ये वक्राची किंमत मुळातच लहान आणि उतार तीव्र, म्हणून तिथे स्वस्त मीटर हमखास घसरतात. माझ्याकडचे दोन मीटर पांढऱ्या प्रकाशात एकमेकांशी अगदी जुळायचे, आणि निळ्या एलईडीसमोर एक दुसऱ्याच्या दीडपट दाखवायचा. बीएच १७५० सारखे डिजिटल सेन्सरही ‘डोळ्यासारखे’ म्हणून ओळखले जातात, पण तेही जवळपास डोळ्यासारखे, एवढंच. ज्या रंगासाठी ते वापरायचे, त्या रंगासाठी आपला एक गुणक काढून ठेवावा लागतो.

उतार किती तीव्र आहे त्याचं उदाहरण देतो. ४६० नॅनोमीटरला व्ही-लॅम्डा ०.०६० आहे आणि ४७० ला ०.०९१. फक्त १० नॅनोमीटरचा फरक, आणि उत्तर दीडपट. लालमध्ये ६२० ला ०.३८१ आणि ६३० ला ०.२६५. एकाच मॉडेलचे एलईडीसुद्धा तरंगलांबीच्या वेगवेगळ्या गटांत विकले जातात, त्यामुळे ‘निळा म्हणजे ४७०’ असं डोळे झाकून धरलं तर घरातला हिशोब सहज २०-३० टक्क्यांनी चुकतो. शिवाय १९२४ चा वक्र ४६० च्या खालच्या निळ्या-जांभळ्यात डोळ्याची संवेदनशीलता कमी दाखवतो, हे पुढे लक्षात आलं आणि १९५१ मध्ये जड (Judd) या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याची दुरुस्तीही सुचवली. पण ल्युमेनची सगळी मोजमापं आजही जुन्याच वक्रावर उभी आहेत.

इथवरचं थोडक्यात: फोटोडायोडचा कच्चा आकडा रंगारंगांत तुलना करायला उपयोगाचा नाही. गुणकाने सुधारलेला आकडा डेटाशीटशी ताडून बघण्याइतका चांगला आहे, आणि त्यातून तिरपा एलईडीही सापडतो. पण ‘सारखे दिसतात का’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात अजून आलेलं नाही.

त्यासाठी डोळाच वापरावा लागतो. ‘हा त्याच्या किती पट उजळ?’ असं विचारलं तर डोळा फार वाईट उपकरण आहे. प्रकाश दुप्पट केला तरी तो दुप्पट वाटत नाही, मोठ्या उजळ पृष्ठभागाला दुप्पट भासण्यासाठी सुमारे आठपट प्रकाश लागतो. पण ‘हे दोन सारखे आहेत का?’ असं विचारा, तर तोच डोळा उत्तम काम करतो. जुन्या तराजूसारखं. तराजू वजनाचा आकडा सांगत नाही, काटा मध्यावर आहे की नाही एवढंच सांगतो, आणि ते अचूक सांगतो.

अडचण एवढीच की लाल आणि हिरवा शेजारी ठेवले की रंगातला फरक इतका डोळ्यांत भरतो की उजळपणाचा काटा दिसेनासा होतो. यावर जुना आणि अतिशय सुंदर उपाय म्हणजे फ्लिकर फोटोमेट्री. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण दोन एलईडी, एक मायक्रोकंट्रोलर आणि कागदाचा तुकडा एवढ्यावर ती कोणालाही करता येते.

करायचं असं. दोन्ही एलईडींचा प्रकाश एकाच पांढऱ्या कागदावर, एकाच ठिपक्यावर पाडा. समोरच्या काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून तो ठिपका बघा. ६० सेंटीमीटरवरून २ सेंटीमीटरचा ठिपका पुरेसा आहे, डोळ्याला तो सुमारे २ अंशांचा दिसतो. आता दोन्ही एलईडी आळीपाळीने लावा. सेकंदाला तीन-चार वेळा केलंत तर रंग बदलताना दिसतील. वेग वाढवत १२ ते १५ पर्यंत न्या. इथे एक गंमत घडते. रंग एकमेकांत मिसळतात, लाल-हिरव्याचा पिवळा होतो, पण ठिपका फडफडत राहतो. रंगाचा बदल टिपणारी दृष्टीतली वाट संथ आहे आणि उजळपणाचा बदल टिपणारी वेगवान, म्हणून रंगाचा भेद विरतो आणि उजळपणाचा तेवढा उरतो. आता हिरवा जसाच्या तसा ठेवून लालचा पीडब्ल्यूएम, म्हणजे एलईडी अतिवेगाने चालू-बंद करताना तो किती वेळ चालू राहतो ते प्रमाण, कमी-जास्त करा. एका जागी फडफड थांबते किंवा अगदी कमी होते. त्या जागी दोघांचं ल्युमिनन्स, म्हणजे डोळ्याच्या हिशोबाने पृष्ठभागाचा उजळपणा, तुमच्या डोळ्यासाठी समान आहे.

पीडब्ल्यूएम बराच बदलूनही फडफड दिसतच नसेल तर आळीपाळीचा वेग थोडा कमी करा. कुठेच थांबत नसेल तर वाढवा. एकदा वरून खाली येत, एकदा खालून वर जात, असं पाच-सहा वेळा करून सरासरी घ्या. पीडब्ल्यूएमची वारंवारता १ किलोहर्ट्झच्या वर ठेवा, नाहीतर तिचीच फडफड या फडफडीत मिसळेल. लाल-हिरवा आणि निळा-हिरवा अशा जोड्या झाल्या की लाल-निळा ही जोडीही लावून बघा. पहिल्या दोन जोड्यांवरून जे उत्तर यायला हवं ते तिसरीत आलं, तर तुमचं काम चोख झालं आहे. निळ्याला वेळ लागेल. डोळ्याच्या अगदी मध्यबिंदूवर निळ्याला प्रतिसाद देणारे शंकुपेशी जवळजवळ नसतातच, त्यामुळे त्याचा काटा मध्यावर थांबायला जरा आळशी असतो.

एक सूचना मात्र गांभीर्याने घ्या. १० ते २० हर्ट्झची लुकलुक, त्यातही लाल रंगाची, प्रकाशामुळे फेफरं येणाऱ्या लोकांना धोक्याची असते. ज्यांना स्वतःला किंवा घरात कुणाला असा त्रास आहे त्यांना हा प्रयोग करायला बसवू नका. इतरांसाठीही खोलीत उजेड ठेवा, ठिपका लहान ठेवा आणि डोळे दुखू लागले की थांबा.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. फ्लिकरने समान केलेले एलईडी पॅनेलवर लावून नुसते बघितलेत, तर लाल आणि निळा जरा जास्तच उजळ वाटतील. तुमची मोजणी चुकलेली नसते. गडद, शुद्ध रंग तेवढ्याच ल्युमिनन्सच्या फिक्या रंगापेक्षा उजळ भासतो. याला हेल्महोल्ट्झ-कोलराउश परिणाम म्हणतात. म्हणून मी आधी विचारतो, या प्रकाशाने माणूस काही वाचणार आहे की दिव्याकडेच बघणार आहे? वाचणार असेल, म्हणजे एलईडी मजकूर उजळतो आहे, तर फ्लिकरचा आकडा अंतिम धरा. दिव्याकडेच बघणार असेल, आणि तुमचं पॅनेल तसंच आहे, तर फ्लिकरच्या आकड्यापासून सुरुवात करा आणि मग शेजारी-शेजारी ठेवून डोळ्याने लाल आणि निळा थोडे उतरवा. किती, ते एकट्याच्या डोळ्यावर सोडू नका. चार-पाच जणांना बसवा, वेगवेगळ्या वयांचे असले तर उत्तम. वयानुसार डोळ्याचं भिंग पिवळसर होतं आणि निळा मंद दिसतो. लाल-हिरव्याच्या रंगांधत्वाच्या एका प्रकारात लाल जवळजवळ विझलेला वाटतो, आणि अशी व्यक्ती तुमच्या पॅनेलसमोर बसणार असेल तर नुसत्या रंगावर विसंबणंच चूक ठरेल, दिव्यांच्या जागाही वेगळ्या ठेवा.

दुसरी अट खोलीच्या उजेडाची. व्ही-लॅम्डा हा उजेडातल्या डोळ्याचा वक्र आहे. अंधारात दंडपेशी काम करू लागतात आणि त्यांचं शिखर ५०७ नॅनोमीटरला आहे. पुर्किन्ये या झेक शास्त्रज्ञाने १८२५ साली याचं वर्णन केलं: दिवसा झगझगीत दिसणारी लाल फुलं पहाटेच्या अंधूक प्रकाशात काळपट होतात आणि निळी टिकून राहतात. दुपारी बरोबर वाटणारा निळा इंडिकेटर अंधाऱ्या खोलीत डोळ्यांत घुसतो, तो बराचसा यामुळे. त्यात डोळ्याचं भिंग लाल आणि निळा एकाच वेळी नीट फोकस करू शकत नाही, म्हणून निळ्याभोवती धूसर वलय दिसतं आणि तो आणखी टोचतो. पॅनेल रात्री वापरायचं असेल तर शेवटची जुळणी अंधारात अर्धा तास बसून करा. मी निळा नेहमी दिवसाच्या पातळीपेक्षा बराच खाली ठेवतो आणि त्याबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

आता काही लहान गोष्टी भरभर. एलईडी लावल्या-लावल्या मोजू नका, दहा मिनिटं थांबा. लाल आणि अंबर गरम झाले की हिरव्या-निळ्यापेक्षा खूप जास्त मंदावतात, त्यामुळे सकाळी जुळलेलं पॅनेल बंद डब्यात दुपारी बिघडू शकतं. प्रखरता उतरवायला शक्यतो पीडब्ल्यूएम वापरा, कारण प्रवाह बदलला की हिरव्याचा रंगही सरकतो. साध्या रेझिस्टरनेच करायचं असेल तर अंतिम प्रवाहावरच जुळवा. दिव्यावर दुधी टोपी असेल तर ती बसवूनच मोजा, मग कोनाची कटकट बरीच मिटते. खोलीतला उजेड आधी मोजून वजा करा आणि एलईडी ते डायोड काळ्या खरबरीत कागदाची नळी लावा. मोबाइल कॅमेऱ्याने तुलना करू नका, तो एक्स्पोजर आपणहून बदलतो आणि एका रंगाचा उजळ ठिपका त्याला सहज अति होतो.

तुम्ही शेवटी विचारलं आहे की तिन्ही समान केले की एकत्र पांढरा मिळेल का. नाही मिळणार. पांढऱ्यात हिरव्याचे ल्युमेन सगळ्यात जास्त, लालचे त्याच्या साधारण निम्मे किंवा त्याहून कमी, आणि निळ्याचे दहा टक्क्यांच्या आसपासच लागतात. समान ल्युमिनन्सचे तिन्ही मिसळलेत तर निळसर-जांभळट काहीतरी दिसेल. ती जुळणी रंगाची आहे आणि तिचा हिशोब वेगळा. झाडांसाठी दिवे करायचे झाले तर ल्युमेन बाजूलाच ठेवा, तिथे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मोजावे लागतात.

तुमच्या पॅनेलसाठी मी सध्या एवढं करीन: लाल बदलून ३० अंशांचा घेईन, म्हणजे बाजूने बघणाऱ्यालाही तिन्ही सारखेच दिसतील. निळा सगळ्यात कमजोर, म्हणून तो पूर्ण २० मिलिअँपिअरवर ठेवून हिरवा साधारण १५ टक्के पीडब्ल्यूएमवर आणीन. ०.९ भागिले ५.८ केलं की तेवढंच येतं. लालचं नवं रीडिंग आल्यावर त्यालाही तोच भागाकार लावून मग फ्लिकर आणि मग चार माणसं. नव्या लालचं रीडिंग आलं की त्याची तरंगलांबी आणि कोन यांसह कळवा, गुणक एकदा एकत्र तपासून घेऊ.